आखाड्यातील हलगी आणि आपला समाज
(वरकुटे येथील समाजमेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्हांकडे विषय सोपविला आहे तो हलगीचा. आपल्या बैठकांतून सुशिक्षित तरुण पुनःपुन्हा विचारीत असतात की, मातंगाने ही हलगी आता खाली का ठेवू नये? प्रश्न रागाने विचारला जातो, आणि तो राग आम्हांस रास्त वाटतो. आपल्या वाडवडिलांनी गावाच्या दारी वाजविले ते मर्जीने नव्हे. ती गावकी होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली, बोलावणे मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच स्वरात येत राहिले.

तथापि उत्तर देण्यापूर्वी ही हलगी आखाड्यात नेमके काय करते, ते पाहणे इष्ट होईल.

नीरा-भीमेच्या या पट्ट्यात यात्रेची कुस्ती हलगीवाचून रंगत नाही. रेवड्यांच्या कुस्त्या लागण्याआधीच वादक जाळावर हलगी शेकतो. सैल पडलेले कातडे आचेने ताणले जाते आणि आवाज खणखणीत होतो. पुढे मोठी जोड घुमके-कैताळाच्या गजरात आखाड्यात फिरविली जाते. पैलवान शड्डू ठोकतो तोवर त्याच्या छातीचे ठोके वाढलेले असतात, अंग तापलेले असते, मनातील धास्ती मागे हटलेली असते. क्रीडाशास्त्रज्ञांचेही म्हणणे हेच आहे की, जलद ठेक्याने शरीर चेतते व संथ सुरांनी निवते. मात्र श्रम पराकोटीस पोचले म्हणजे संगीताचा आधार तोकडा पडतो. तेव्हा खेळाडूस स्वतःचा श्वासच मोठा ऐकू येतो! म्हणून हलगीचे खरे काम कुस्ती जुंपण्यापूर्वीचे. थायलंडात मुष्टियोद्धे लढतीपूर्वी वाद्यांच्या साथीवर गुरुवंदना करतात, आणि ती वाद्ये लढत चालू असतानाही वाजत राहतात. मॅटवर उतरणारा आजचा पैलवान कानांत यंत्र घालून गाणी ऐकतो, तेही याच हेतूने.

पण चेतना अती झाली तर? खडाखडीतच अंगावर धावून जाणारा, आणि पाय देऊन क्षणात चीत होणारा तरणा पैलवान आपण सर्वांनी पाहिला आहे. जाणता वादक जोड फिरविताना चेहरे वाचतो. बिचकलेल्यापाशी तो ठेका चढवितो, उसळलेल्यापाशी आवरून धरतो. कानांतल्या यंत्रास पैलवानाचा चेहरा दिसत नाही. (हातावर नोट ठेवून आपल्याच गड्यासाठी वाजवून घेणारे शौकीन असतात; त्यांस आमचे सांगणे की हलगी दोघांची असते.)

हे ज्ञान वस्तादाच्या ज्ञानाहून कमी प्रतीचे आहे, असे आम्ही मानीत नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम होती आणि जोतीराव फुले त्यांच्याजवळ दांडपट्टा शिकले, हे आपण जाणताच. ज्या समाजाने वस्ताद दिला, त्याच समाजाचा वादक आखाड्याच्या कडेला उभा राहून पान-सुपारीची वाट पाहतो, ही गोष्ट आम्हांस सलते.

तेव्हा खाली ठेवावयाची ती गावकी, हलगी नव्हे, असे आमचे मत आहे. बिदागी आधी ठरावी. इनामांच्या यादीत वादकांचा आकडा छापला जावा. ध्वनिक्षेपकावरून पैलवानाबरोबर वादकाचेही नाव पुकारले जावे. मुलांनी ही विद्या जरूर शिकावी, पण शाळा बुडवून नव्हे. आणि ज्यास वाजवावयाचे नाही त्यास कोणी भरीस घालू नये, आपणही नाही.

येत्या यात्रेपूर्वी हे म्हणणे यात्रा कमिटीपुढे मांडावयाचे आहे. त्यासाठी पाच जणांनी आज येथेच नावे द्यावीत. पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे. कागद चिटणिसांच्या मेजावर आहे.