बहात्तर गावांचे स्वराज्य

(पेडगाव, जि. परभणी येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



‘गावाची सत्ता गावाकडे’ हे वाक्य आपल्या प्रत्येक ठरावात असते. वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झाले आहे की ते उच्चारताना आपल्याला काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही काही वाटत नाही. म्हणून आज मी तत्त्वचर्चा बाजूला ठेवतो आणि एका राज्याची हकीकत सांगतो. हे राज्य कल्पनेतले वाटावे इतके लहान होते, पण ते होते.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, डोंगरांच्या ओळी उतरत उतरत माणदेशाच्या माळाला मिळतात त्या भागात औंध नावाचे संस्थान होते. गावे अवघी ७२. तीही सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडील गुणदाळ अशी त्याची शकले ब्रिटिश मुलखात विखुरलेली होती. पाऊस बेताचा आणि जमीन हलकी, त्यामुळे महसूल तो काय असणार! गादीवर होते बाळासाहेब म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी. कीर्तन करणारा, चित्रे काढणारा, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला हा राजा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर जागा देऊन त्यानेच कारखाना उभारू दिला. संस्थानिकांविषयी आपल्या मनात फारसा आदर नाही आणि तो नसावा हेच योग्य. पण या माणसाला त्या रांगेत सरसकट उभे करता येत नाही.

१९३८ च्या नोव्हेंबरात या राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली. तुम्ही मराठवाड्याचे आहात, म्हणून ती तारीख नीट लक्षात घ्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निजामाने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी घातली होती. ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. नोव्हेंबरात औरंगाबादला विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी उभे राहिले होते. परभणी त्याच निजामाच्या राज्यात होती. एका मराठी मुलखात सभा घेणे हाच गुन्हा ठरत होता आणि काही शे मैलांवरच्या दुसऱ्या मराठी मुलखात राजा स्वतः होऊन राज्यघटना लिहवून घेत होता.

घटना लिहिण्यात दोघांचा हात होता. एक महात्मा गांधी. दुसरा मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेला एक ज्यू अभियंता, जो म्हैसूर संस्थानात नोकरीस आला आणि भगवी वस्त्रे घालून ‘भारतानंद’ झाला. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून परतले होते, ते या कामात पुढे होते. १९३९ च्या जानेवारीत घटना अमलात आली. तिची रचना साधी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका पंचायत व्हावी आणि तालुका पंचायतींनी आपले प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात पाठवावेत. म्हणजे सत्तेचा उगम तळाशी आणि वरच्या मंडळींनी तळाला जबाबदार राहायचे. गावातून वसूल होणाऱ्या महसुलात गावाच्या पंचायतीचा हक्काचा वाटा होता. शाळा, विहीर, रस्ता यांसाठी वरून मंजुरी येईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण उरले नाही. तंटे गावातच मिटवावेत, न्याय गावाच्या दाराशी यावा, हाही तिचा हेतू होता. डॉ. लोहियांनी पुढे चौखंबा राज्याची कल्पना मांडली. तिचा पहिला खांब औंधात उभा करून पाहिला गेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या राज्याने उभारलेल्या संस्थांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना १९३९ मध्ये तेथे भिंतीवाचून ठेवण्यात आले. बेडी नाही, कुंपण नाही, कसायला जमीन आणि सोबत बायकामुले. फ्रीडमनच्या डोक्यातली ही कल्पना त्या गरीब संस्थानाने अमलात आणली. आटपाडी परिसरातच जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण तो एका लहानशा राज्याच्या तुरुंगविषयक धोरणावर उभा आहे, हे पाहणाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही.

एवढे ऐकून कोणी औंधच्या राजाच्या तसबिरीला हार घालायला निघेल, तर त्याला मी थांबवीन. या घटनेने राजकीय सत्ता वाटली. जमीन वाटली नाही. आणि ती घटना राजाच्या मर्जीतून आली होती. राजा भला होता म्हणून ती टिकली. भल्या राजावर विसंबून घटना टिकत असेल, तर लोकांची सत्ता किती आणि राजाची किती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर शेजारीच तयार होत होते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून उभे राहिले. अच्युतराव पटवर्धनांसारखा समाजवादी नेता भूमिगत राहून त्याच्या पाठीशी होता. जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि कुंडल औंधच्या हद्दीत. ब्रिटिश पोलिसांना त्या हद्दीत सरळ शिरता येत नसे, याचा भूमिगतांना मोठा आधार झाला. या सरकारला घटना कोणी दिली नव्हती. गावागावांत न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना उभी राहिली, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागली, दारूबंदी झाली. सावकाराची गहाणवट आणि टाकून दिलेल्या बाईची दाद ही दोन्ही त्या मंडळांपुढे आली. शेणोलीला १९४३ च्या जूनमध्ये गाडी अडवून सरकारी खजिना घेतला गेला; १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडे चिमठाण्याला साडेपाच लाखांचा. तळपायावर पत्री मारण्याच्या शिक्षेचे मात्र मी समर्थन करणार नाही. वकील नाही, अपील नाही, अशा न्यायाची कोणालाही भीती वाटावी. तरी औंधात लोकांना सत्ता मिळाली आणि येथे ती लोकांनी घेतली, हा फरक मोठा आहे.

आता या हकिकतीचा कडू भाग. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत याच टापूत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीत सापडला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांवरच आहे. ज्या मुलखात नऊ वर्षे पंचायती चालल्या, ज्या मुलखात न्यायदान मंडळे बसली, त्या मुलखात हे घडले. संस्था आली की मनातली जात जाते, असे आपण सोयीने समजतो. ती जात नाही. तिच्याशी वेगळे भांडावे लागते आणि ते भांडण त्या नऊ वर्षांत पुरेसे झाले नव्हते.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण आवश्यकच होते, त्याबद्दल वाद नाही. पण संस्थानाबरोबर त्याच्या पंचायतींचे अधिकारही गेले आणि त्यावर कोठे मोर्चा निघाल्याचे मी वाचलेले नाही. पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींना घटनेत स्थान मिळाले, स्त्रियांना आणि मागासांना राखीव जागा मिळाल्या. हे लहान काम नव्हे. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली तेव्हा निवडणुका झाल्या नाहीत. प्रशासक आले आणि महिनोन्‌महिने नव्हे, वर्षानुवर्षे राहिले. प्रकरण न्यायालयात होते, हे खरे. पण त्या काळात जिल्ह्याची सत्ता एका अधिकाऱ्याच्या सहीत मावते आहे, म्हणून गावोगाव किती जण अस्वस्थ झाले? आपल्या पक्षाच्या किती शाखांनी त्यावर सभा घेतली? हा प्रश्न मी विरोधकांना विचारीत नाही, येथे बसलेल्यांना विचारतो आहे.

आणि पैशाचे काय? पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीला थेट निधी आला, पण २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग ‘बंधित’ होता. तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, असे दिल्लीत ठरले होते. पाणी हवेच. पण आपल्या गावाला यंदा पाणी आधी हवे की शाळेचे छत, हे ठरविण्याइतकी अक्कल पेडगावला नाही, असे त्या नियमाने गृहीत धरले आहे. माणदेशातल्या दुष्काळी खेड्याला १९३९ साली ती अक्कल आहे, असे एका राजाने मानले होते.

उद्या सकाळी गटचर्चा आहे. तेथे ठराव लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावाच्या ग्रामसभेचे इतिवृत्त डोळ्यांपुढे आणावे. शेवटची सभा कधी झाली, गणसंख्या भरली होती की नंतर घरोघर फिरून सह्या घेतल्या, खर्चाचा आराखडा वाचून दाखविला गेला का आणि त्यावर एखादी बाई, एखादा भूमिहीन बोलला का. ज्यांना हे आठवणार नाही त्यांनी गावी परतल्यावर पहिल्यांदा ती वही मागावी. ती पाहणे हा तुमचा हक्क आहे. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करू लागले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज तेथेच बसून लिहावा.