वर्षभरात पडलात का, एवढं विचारा

घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी उगवण तपासायची, हे लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे. 70 उगवले तर बियाणं चाललं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. नेमका कोणता दाणा कुजेल हे त्यातून कळत नाही, पण पेरणी किती धोक्याची आहे ते कळतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण काहीच तपासत नाही. खुब्याचं हाड मोडलं की मग धावपळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडून दगावतात, त्यांत सर्वाधिक साठीपुढची.

तपासणी सोपी आहे. आधी विचारायचं, गेल्या वर्षभरात पडलात का? एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव जास्त असतो. लागलं नसलं तरी ते पडणं मोजायचं. मग खुर्चीवरून उठून 10 फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. चालताना शेजारी कुणीतरी उभं राहावं.

कुणी म्हणेल, 12 सेकंदांच्या आत येणाराही पडतोच. खरं आहे, ही चाचणी एकटी पुरत नाही. म्हणून तर पुन्हा सांगतो, आधी विचारा: वर्षभरात पडलात का? दुसरा आक्षेप असा की, विचारलं तर आजी घाबरतील, बाज सोडणार नाहीत. पण उगवण कमी निघाली म्हणून शेतकरी रान पडीक ठेवतो का? बियाणं वाढवतो आणि पेरतो. इथंही तसंच. बसून राहिलं तर मांड्यांतलं बळ जातं आणि धोका वाढतो. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 सालच्या आढाव्यात व्यायामानं, विशेषतः तोल सावरण्याच्या व्यायामानं, पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. वय झालं की पडायचंच, हे म्हणणं आता सोडून द्या.

वेळ संपत आली. न्हाणीतली ओली शहाबादी, रात्रीचा अंधार, मोतीबिंदू, यांवर बोलायचं राहूनच जातंय. निदान एवढं करा: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, त्यांनी तोल जातो का ते विचारा, आणि उभं राहताना रक्तदाब उतरतो का हे कळायला तो झोपून व उभं राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा.