अंगणवाडीच्या खिचडीत शासन किती, आपण किती?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘जागतिकीकरणात शासन आणि नागरी समाज’ असा विषय मला दिला आहे. शब्द जड आहेत. मी अंगणवाडीपासून सुरुवात करते, कारण हे दोघे तिथे रोज भेटतात.

१९९१ पासून आपण म्हणत आलो की शासन माघार घेतंय. हे अर्धंच खरं. जमिनी संपादन करताना, कंपन्यांना सवलती देताना शासन कुठे मागे हटलंय? ते हटतं दवाखान्यातून, रेशनमधून. आणि रिकाम्या जागी बाईला उभं करतं, कामगार म्हणून नव्हे, ‘स्वयंसेविका’ म्हणून. अंगणवाडी योजना १९७५ ची, उदारीकरणाच्या आधीची, हे मान्य. पण पगाराऐवजी मानधन ही तिथली युक्ती पुढे धोरणच झाली. २००५ नंतर आशा आल्या, त्यांना कामागणिक मोबदला. अंगणवाडी सेविकेला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर जावं लागलं.

आता बचतगट. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटामुळे बाईला घराबाहेर पडायला निमित्त मिळालं, हे मी नाकारत नाही. पण तिच्या नावाचा उपयोग कसा होतो, ते पाहा. पोषण आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या बचतगटांना, महिला मंडळांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं. मग ठेकेदारच महिला मंडळाची पाटी लावून आले! अन्न अधिकार खटल्यातल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्राबद्दल हेच नोंदवलं. २०१६ च्या निविदेत राज्य शासनाने अनेक प्रकल्प एकत्र बांधून कामाचा आकारच एवढा मोठा केला, की चुलीवर शिजवणाऱ्या गटाने अर्ज तरी कसा करावा? गट कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये ती निविदा रद्द झाली.

म्हणजे लोकसहभाग हा शब्द शासनाला आवडतो, पण स्वस्त हातांपुरता. सहभागी बाईने हिशोब मागितला की ती अडचण होते. संस्थांचंही तेच. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद केलं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मोठ्या संस्थेमार्फत पैसे मिळणारे तालुक्यातले लहान गट यात सापडले. प्रकल्प राबवणारी संस्था हवी, प्रश्न विचारणारी नको.

मात्र बोट फक्त तिकडे नको. आपल्यातल्या कित्येक संस्था शासनाचेच कार्यक्रम चालवतात. त्यांच्या अंदाजपत्रकात वस्तीत फिरणाऱ्या ताईच्या नावापुढे कोणता शब्द असतो? ‘मानधन’च. दुपारच्या सत्रात प्रत्येकीने आपापल्या संस्थेचा तो रकाना सांगावा, अशी माझी सूचना आहे.