पुस्तक मोफत आहे, पण मोकळं आहे का?



महाविद्यालयात शिकवणाऱ्याला दर वर्षी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ''सर, पुस्तक विकत घ्यावंच लागेल का?'' घेऊ नका म्हणावं तर अभ्यास कशावर करणार? घ्या म्हणावं तर ते सगळ्यांना परवडत नाही. मग मुलं गाईड घेतात, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातून चार प्रकरणं काढून आणतात. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर आज तुम्हाला सांगायचं आहे.

व्हर्जिनिया राज्यातलं हे टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेज. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारे विद्यार्थी अशा कॉलेजात पुष्कळ असतात. तिकडे एकेका पाठ्यपुस्तकाला शंभर-दोनशे डॉलर मोजावे लागत. २०१३ साली या कॉलेजाने व्यवसाय प्रशासनाचा अख्खा पदवी अभ्यासक्रम असा बसवला, की विद्यार्थ्याला एकही पुस्तक विकत घ्यावं लागू नये. पुस्तकखर्च शून्य, इंग्रजीत झीरो, म्हणून तिचं नाव 'झेड डिग्री'.

हे जमलं ते खुल्या शैक्षणिक साहित्यामुळे. 'एमआयटी' या विख्यात संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर खुलं करण्याची घोषणा केली २००१ साली. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत या कल्पनेला नाव मिळालं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाने २०१२ मध्ये 'ओपनस्टॅक्स' या नावाने भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्राची संपूर्ण पाठ्यपुस्तकं काढली. ती तज्ज्ञांनी लिहिलेली आणि इतर प्राध्यापकांनी तपासलेली होती. त्यांचा खर्च ह्यूलेट, गेट्स यांसारख्या धर्मादाय प्रतिष्ठानांनी उचलला. म्हणजे पुस्तक फुकट तयार होत नाही; पैसे कुणीतरी आधी मोजलेले असतात.

फुकटच्या पुस्तकाने दर्जा घसरेल, ही शंका साहजिक आहे. जॉर्जिया विद्यापीठात एकवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले गेले आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. खुली पुस्तकं वापरणाऱ्यांचे गुण घसरले नव्हते, उलट सुधारले होते. अर्धवेळ शिकणाऱ्यांमध्ये आणि सरकारी मदतीवर शिकणाऱ्यांमध्ये ही सुधारणा अधिक ठळक होती. एका अभ्यासावरून सगळंच सिद्ध होत नाही. पण ज्याच्याकडे पहिल्या दिवसापासून पुस्तक आहे तो अधिक शिकतो, यात नवल ते काय?

आता मुद्द्याचं बोलतो. मोफत आणि मोकळं यांत फरक आहे. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात, पण त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अध्यापनासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढायला कायद्यात मुभा आहे, असा निकाल उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. हा मोठाच दिलासा. पण प्रत काढता आली म्हणून पुस्तक बदलता येत नाही. खऱ्या अर्थाने खुल्या पुस्तकावर मात्र परवानाच छापलेला असतो: मूळ लेखकाचं नाव द्या, अटी पाळा, आणि वाटा, बदला, भाषांतर करा.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते हेच. शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा बीएस्सीच्या वर्गात इंग्रजी पुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानावर अडतो. त्याला भौतिकशास्त्र अवघड जात नाही, त्याची वाट भाषा अडवते. त्यातून उदाहरण बेसबॉलचं! खुल्या पुस्तकात शिक्षक तिथे क्रिकेटचा चेंडू आणू शकतो, 'मोमेंटम'शेजारी 'संवेग' लिहू शकतो, अख्खं प्रकरण मराठीत आणू शकतो. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावं, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यासाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्याची गरज नाही.

अडचणी आहेतच. भाषांतर हे रात्री जागून, हौसेखातर करायचं काम नव्हे. विद्यापीठाने ते शिक्षकाच्या कामात धरलं पाहिजे आणि त्याचा मोबदलाही दिला पाहिजे. परिभाषा एकसारखी राहावी म्हणून संपादक हवा. शिवाय ज्याच्या हाती घरातल्या चौघांत मिळून एकच मोबाइल आहे, त्याच्यासाठी छापील प्रती ग्रंथालयात हव्यात. परवाना मुभा देतो, तर त्या कॉलेजने जरूर छापाव्यात.

सगळी पुस्तकं एकदम बदलायला कुणीच सांगत नाही. एका जिल्ह्यातल्या पाच महाविद्यालयांनी एकेक प्रकरण वाटून घेतलं, एकमेकांचं तपासलं, तर वर्षअखेरीस पाच प्रकरणं मराठीत तयार होतील. पुढच्या वर्षी दुसरा जिल्हा तिथून पुढे जाईल. त्याला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. विषय निवडा, परवाना नीट वाचा, आणि पहिलं प्रकरण हाती घ्या.