दुष्काळ, मजुरी आणि सीमेपलीकडची जमीन



लहान देशावर आर्थिक आघात कोसळला म्हणजे पुष्कळदा मजुरीच्या दराआधी माणसेच हलतात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी परतावे लागले. परक्या मजुराला तेथे कायम राहण्याचा हक्क नसतो. म्हणून धक्का अखेर त्याच्या गावाला सोसावा लागतो. इंद्रवेल्लीत नेमके उलट घडले.

आदिलाबाद जिल्ह्यातील हा मुलूख गोंडांचा. १९५६ च्या पुनर्रचनेत याच जिल्ह्याचे किनवट व राजुरा आपल्या बाजूस आले. सीमा ती एवढीच जुनी! तिच्या अलीकडे १९७२-७३ चा दुष्काळ पडला, तेव्हा मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडण्याची ती मजुरी तुटपुंजी खरी, पण तिने लाखो कुटुंबांना तगवले, वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदाही २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. परंतु ज्याला जमीन हवी, त्याला खडीची मजुरी कशी थोपवणार?

महाराष्ट्रातील कुटुंबे उतनूरच्या डोंगराळ भागात आधीपासूनच जात होती. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडे अनुसूचित जमातींत आले. आपल्याकडचे त्यांचे बंजारा भाऊबंद मात्र विमुक्त जातींतच राहिले. सीमा ओलांडताच हक्क बदलावा, हे आकर्षण मजुरीतील कोणत्याही तफावतीहून मोठे होते. त्यात त्या गरिबांचा दोष तो कोणता? आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ नये, म्हणून १९७० मध्ये नियम कडक झाले होते. पण कागद खंबीर आणि अंमल सैल. खंड, सावकारी कर्ज, मग ताबा, अशा पायऱ्यांनी गोंड शेतकरी आपल्याच शेतावर मजूर झाला. हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात ही हकिगत तपशिलाने नोंदविली आहे. म्हणजे येथे आघात आला एका राज्यात, आणि त्याची किंमत मोजली शेजारच्या राज्यातील यजमानांनी.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने १३ मृत्यू मान्य केले. लोक सांगतात तो आकडा कितीतरी मोठा आहे. सभा बोलाविणाऱ्या संघटनेचे नाव ‘गिरिजन रयतु कुली संघम’. रयत आणि कुली हे दोन्ही शब्द एकाच नावात, आणि बहुधा एकाच माणसासाठी. पुढे तेथे स्मृतिस्तंभ उभा राहिला, आणि अनेक वर्षे त्या तारखेस गावात जमावबंदी लागू होत असे.