स्वयंपाकघराचं काम काढताना



फोंडाघाटात पाऊस लागला,
की चिऱ्याची भिंत ओल धरते.
गिलावा सुकता सुकत नाही.
म्हणून स्वयंपाकघराचं काम काढावं दिवाळीनंतर,
आणि आटपावं मिरगाआधी.
मे महिन्यावर फार विसंबू नका.
चाकरमानी गावी येतात, त्यांचीही कामं निघतात.
मग गवंडी कुठला मिळायला!

आधी ठरवा, मग कंत्राटदार बोलवा.

ओट्याची उंची ठरवायची कुणी?
घरात जी रोज रांधते, तिने.
तिला उभं करा, कोपर दुमडायला सांगा.
ओटा कोपराच्या थोडा खाली हवा.

आजी विळीवर बसून नारळ खवत असेल,
तर तिला खाली जागा ठेवा.
नव्या नकाशात नेमकी हीच जागा गायब होते.

सिलिंडर जमिनीवर, उभा.
शेगडी त्याहून उंच.
स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो.
गळला तर खाली साचतो.
म्हणून ओट्याखालच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच.

आता कंत्राटदार.
त्याने केलेलं जुनं काम बघा.
पावसाळा काढलेलं बघा.
मोरीच्या कोपऱ्याला हात लावा,
ओल तिथेच कळते.

दर नुसत्या मजुरीचा, की सामानासकट?
कडाप्पा, लाद्या, नळ कोण आणणार?
सगळं कागदावर घ्या.
ओळखीचा माणूस असला, तरी कागदावरच.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या.
आणि शेवटचा हप्ता देण्याआधी
मोरीत बादलीभर पाणी ओता.
पाणी तुंबलं, तर हप्ता थांबवा.