टीएनएफ : एका प्रथिनाची दोन रूपे
(वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



संधिवातावरील महागडी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाच्या चाचण्या कशासाठी, असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. दुखणे सांध्यांचे असताना छातीचा एक्स-रे का काढावा, ही शंका रास्तच आहे. तिचे उत्तर ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने टीएनएफ, या प्रथिनाच्या स्वभावात दडलेले आहे.

रोगजंतू शरीरात शिरताच रोगप्रतिकारक पेशी हे प्रथिन निर्माण करतात. त्याच्या इशाऱ्याने संरक्षक पेशी रक्तातून बाहेर पडून जंतूंच्या ठिकाणी जमा होतात. १९७५ साली न्यूयॉर्क येथील संशोधकांना ते उंदरांच्या रक्तद्रवात आढळले. ट्यूमरच्या पेशी त्याने मृत होत, म्हणून त्यास हे नाव मिळाले.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र हेच प्रथिन, कोणीही शत्रू समोर नसताना, सांध्यांच्या अस्तरात सतत पाझरत राहते. सांधे सुजतात, कूर्चा झिजते, हाडे पोखरली जातात. लंडन येथील मार्क फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफला अडविणारे प्रतिपिंड १९९२ साली प्रथम अशा रुग्णांना देऊन पाहिले. सूज आणि वेदना लक्षणीय रीतीने कमी झाल्या. या कार्याबद्दल २००३ साली त्यांना लास्कर पुरस्कार लाभला. आज ही औषधे मणक्यांचा संधिवात, सोरायसिस आणि आतड्यांचा क्रोन्स विकार यांतही वापरली जातात.

परंतु या प्रथिनाचे दुसरे कार्य विसरता येत नाही. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त असतात. पेशींची एक घट्ट गाठ त्यांना कोंडून ठेवते आणि ती गाठ टिकविण्यास टीएनएफ आवश्यक असते. औषधाने टीएनएफ अडविले की ही तटबंदी खचू शकते. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षय झाला होता, तर ४० जणांचा क्षय फुप्फुसांबाहेरचा होता. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, हे ध्यानी घेता या अहवालाचे आपल्यासाठी महत्त्व किती, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच औषधापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास, छातीचा एक्स-रे आणि त्वचेची वा रक्ताची चाचणी आवश्यक ठरते. निद्रिस्त संसर्ग आढळल्यास आधी प्रतिबंधक उपचार सुरू करतात व साधारणतः महिनाभरानंतर संधिवाताचे औषध देतात. दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णास तो महिना फार मोठा वाटतो, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि तो चुकवू नये.

२०१४ साली ॲडालिमुमॅब या औषधाचा स्वदेशी पर्याय भारतात उपलब्ध झाल्यापासून खर्च कमी झाला आहे, तरी सामान्य कुटुंबास तो आजही जड जातो. देणगीदारांस आमची विनंती आहे की, औषधासाठी हात पुढे करताना त्याआधीच्या चाचण्यांसाठीही तो आखडू नये. कुटुंबीयांनी घरात पूर्वी कोणास क्षय झाला असल्यास ते संकोच न बाळगता सांगावे. औषध चालू असताना रेंगाळणारा ताप, खोकला वा घटणारे वजन दिसल्यास पुढील मात्रेपूर्वीच डॉक्टरांना भेटावे.